कासवाला वाट, होडीला काय?

मासेमारी कायद्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की जागतिक करारांमुळे आपल्या मासेमारी कायद्याला शिस्त आली. अर्धंच पटलं. अमेरिकेनं २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय, कारण ट्रॉलरच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायची वाट नाही. याच मुद्द्यावर १९९८ साली भारत जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेशी भांडला होता, ते लेखात यायला हवं होतं. आमच्या कोकणातल्या वेळास-आंजर्ल्यात कासवाची अंडी राखायला गावकरी रात्री जागतात, त्यामुळे कासवाला विरोध कुणाचाच नाही. पण कासव बाहेर पडावं म्हणून जाळ्यात सळ्यांची चौकट बसवली की थोडी कोळंबीही निसटते. हर्णै बंदरातल्या लिलावात टोपली तेवढी हलकी भरते, तो तोटा खलाशाच्या वाट्यातूनच जातो.

उलट आपला स्वतःचा १९८१ चा मासेमारीचा राज्य कायदा बघा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत अधिकार राज्याचा, पुढे केंद्राचा. एलईडी मासेमारीला, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्याला, केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री समुद्रात लग्नाच्या मांडवासारखा उजेड! परदेशी गिऱ्हाईक माल नाकारतं तेव्हा मात्र सगळी खाती जागी होतात.

मासेमारी सबसिडीवरच्या जागतिक व्यापार संघटनेच्या २०२२ च्या कराराबद्दल म्हणाल, तर वाटाघाटीत भारतानं विकसनशील देशांना सबसिडीवरची बंदी लागू व्हायला २५ वर्षांची मुदत मागितली, ती रास्तच. फक्त लहान मच्छीमाराचं नाव पुढे करताना डिझेलवरच्या कराचा परतावा कुणाला किती जातो तेही सांगा. जास्त डिझेल जाळणाऱ्यालाच तो जास्त मिळतो. वल्ह्याच्या होडीला त्यातलं काय?