पाटे वाढवल्याने गाडीची वहनक्षमता वाढत नाही

गेल्या रविवारी रात्री माझ्या भाच्याने मला एक संदेश पुढे पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "मामा, उद्या गाडी पाटेवाल्याकडे टाकतोय. हे बरोबर आहे ना?" तो नाशिकला राहतो, त्याच्याकडे डबल कॅब पिकअप आहे आणि सप्टेंबरात तो ती घेऊन स्पितीला निघाला आहे. गाडीच्या हौद्यावर कॅनपी, टपावर तंबू, आत फ्रीज आणि पाण्याची टाकी, आणि मागच्या सीटवर त्याचे आईवडील, म्हणजे माझी बहीण आणि मेहुणे. त्यामुळे हा संदेश वाचून सोडून देणे मला शक्य नव्हते.

संदेशात सस्पेन्शनची सहा 'सूत्रे' आहेत. मागे दोन पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वाढवले की पाचशे किलो जास्त बिनधास्त भरता येते. कंपनी वजनाची मर्यादा मुद्दाम कमी लिहिते. गाडी चार इंच उचलावी, कारण जितकी उंच तितकी सुरक्षित. शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलणे म्हणजे पैशांची नासाडी. पाटे नको असतील तर एअरबॅग, म्हणजे आस आणि चासी यांच्यामध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्या, टाकाव्यात, चासीला काही होत नाही. आणि टायरमध्ये मावेल तेवढी हवा भरावी. हा मजकूर गेल्या दोन महिन्यांत मला पाच ठिकाणांहून आला आहे आणि पाचही वेळा पाठवणारा माणूस प्रवासाच्या तयारीत होता.

पहिल्या दोन सूत्रांचे उत्तर एकत्रच द्यावे लागते. पाटा गाडीला उचलून धरतो, थांबवत नाही. वजन वाढले की ते पाट्यांतून आसावर, आसातून बेअरिंगवर, बेअरिंगमधून चाकावर आणि टायरवर जाते, आणि उतारावर ते सगळे वजन ब्रेकला रोखावे लागते. दोन पाटे घातल्याने यांतली एकच कडी जाड झाली, बाकीच्या होत्या तशाच राहिल्या. टायरच्या बाजूवर आकाराच्या पुढे एक भारांक छापलेला असतो. तो ११२ असेल तर ते एक टायर ठरलेल्या दाबाला ११२० किलो पेलते, १०८ असेल तर १००० किलो. पाटेवाल्याकडून आल्यावर तो आकडा बदललेला कोणी पाहिला आहे का?

वजनाची मर्यादा कोण ठरवते, हे तर कायद्यातच लिहिलेले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मधील पंधरावी व्याख्या एकूण वाहन वजनाची आहे. वाहन आणि त्यातील भार मिळून जे वजन नोंदणी प्राधिकाऱ्याने त्या वाहनासाठी अनुज्ञेय म्हणून प्रमाणित केले आणि नोंदवले, ते एकूण वजन, असा तिचा आशय आहे. प्रमाणित आणि नोंदवलेले, हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पाटेवाला ते प्रमाणित करत नाही आणि संदेश लिहिणारा तर नाहीच. कलम ११३ नुसार त्या आकड्याहून जास्त वजनाचे वाहन चालवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली त्याचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. दंडापेक्षाही मला काळजी आहे ती अपघातानंतरच्या विमा दाव्याची, कारण तेव्हा आरसी आणि गाडीची स्थिती दोन्ही तपासली जातात.

या सूत्रात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियात सस्पेन्शन बदलून गाडीचे एकूण वजन अधिकृतपणे वाढवून घेण्याची पद्धत खरोखर आहे. तिथल्या चित्रफिती पाहूनच हा समज इकडे आला असावा. पण तिथे ठरावीक गाडीसाठी तपासलेला पूर्ण संच बसवावा लागतो, ब्रेक आणि आसांच्या मर्यादांचा विचार त्यात झालेला असतो, आणि प्रमाणपत्र मिळून नवा आकडा गाडीवर चढतो. त्या सगळ्या प्रक्रियेतून फक्त लोखंडाचे पाटे उचलून आणायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, याला अर्थ नाही. कंपनी काही राखीव ताकद ठेवते हेही खरे आहे. परंतु ती खड्ड्यात आदळताना क्षणभर जे कित्येक पट वजन येते त्यासाठी असते, आणि स्पितीच्या वाटेवरच्या ग्राम्फू ते बातल या दगडगोट्यांच्या रस्त्यावर ती दर मिनिटाला खर्ची पडते. तीच राखीव ताकद सामानासाठी वापरायची, हा सल्ला कोणत्या हिशेबाने दिला जातो?

भाच्याला मी पाट्यांआधी वजनाची यादी करायला सांगितली. त्याच्या मते सामान 'तीनशे, फार तर साडेतीनशे' किलो होते. आम्ही फोनवर एकेक वस्तू लिहीत गेलो : कॅनपी ८०, लाकडी ड्रॉवर ६०, टपावरचा तंबू ६५, टाकीसह ८० लिटर पाणी ८५, फ्रीज, शेगडी आणि शिधा ५०, जादा बॅटरी ३०, डिझेलचे वीस लिटरचे दोन कॅन ४०, दुसरी स्टेपनी ३२, हत्यारे, जॅक आणि दोर ३०, पुढचा लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचे यंत्र) ९०. हे ५६२ झाले. त्यात चार माणसांचे २७० धरल्यावर बेरीज ८३२ झाली आणि कपड्यांच्या बॅगा अजून बाकीच होत्या. माणसे 'सामानात' येत नाहीत असे त्याला वाटत होते. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, त्यातच चालकासह सगळी माणसे बसवायची असतात.

वजन कुठे ठेवले यानेही हिशेब बदलतो. दुसरी स्टेपनी आणि डिझेलचा एक कॅन मिळून पन्नास-साठ किलो होतात आणि ते मागच्या फाळक्यावर टांगले जातात. समजा ते ६० किलो मागच्या आसाच्या सव्वा मीटर मागे आहेत आणि दोन आसांतले अंतर ३.१ मीटर आहे. तर मागच्या आसावर ६० नव्हे, सुमारे ८४ किलो येतात आणि पुढचा आस सुमारे २४ किलोंनी हलका होतो. घाटात स्टिअरिंग सैल लागते ते यामुळे.

आता तिसरे सूत्र. सहांपैकी हेच मला सर्वांत घातक वाटते. बोलेरो पिकअप किंवा झेनॉनसारख्या अनेक पिकअपच्या खाली, मागच्या डिफरन्शियलजवळ, चासीला एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्याच्यापासून एक सळई आसापर्यंत गेलेली असते. मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही, म्हणजे भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह, म्हणतात. पिकअप रिकामी असताना तिची मागची बाजू हलकी असते आणि मागच्या ब्रेकला पूर्ण दाब दिला तर ती चाके लॉक होऊन गाडी आडवी होईल, म्हणून व्हॉल्व्ह तो दाब कमी ठेवतो. वजन भरले की चासी आसाच्या जवळ येते, सळई ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त अंतर कळते.

आता या गाडीला दोन कडक पाटे घालून मागून तीन-चार इंच उचलले, तर पूर्ण भरलेली असतानाही तिची चासी आसापासून तेवढीच वर राहते जेवढी ती पूर्वी रिकामी असताना राहत असे. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच आहे. परिणामी ज्या वेळी वजन सर्वांत जास्त आहे, नेमक्या त्याच वेळी मागचे ब्रेक सर्वांत कमी काम करतात आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो. सपाट हमरस्त्यावर हे लक्षातही येत नाही. कुंझुम खिंडीवरून, ४५५१ मीटरवरून, लोसर गावाकडे उतरताना ब्रेकचे पेडल लांब जाऊ लागते तेव्हा येते. उपाय फार मोठा नाही. जेवढी उंची वाढली तेवढा सळईचा ब्रॅकेट सरकवायचा आणि नंतर ब्रेक तपासून घ्यायचे. पण त्यासाठी तिथे असे काही आहे हे माहीत असावे लागते, आणि 'जितकी उंच तितकी सुरक्षित' असे लिहिणाऱ्याने हे कधी वाकून पाहिलेले नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत हे काम एबीएसबरोबरची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते आणि सळई नसते, म्हणून आधी आपल्या गाडीखाली जाऊन पाहावे.

उंचीचे बाकीचे परिणाम थोडक्यात सांगतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपमध्ये दोन इंचांच्या पुढे गेले की चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचे कोन वाढतात, त्यांवरचे रबरी बूट फाटतात आणि कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकांचे कलते कोन, जागेवर आणायला वरचे आर्म बदलावे लागतात. टपावर ६५ किलोंचा तंबू असताना गाडी आणखी वर नेणे म्हणजे आडव्या उतारावर कलंडण्याची तयारी करणे होय.

शॉकअपबद्दल मी अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी मीही एका गॅरेजमध्ये फक्त एक पाटा वाढवून घेतला होता आणि शॉकअप जुनेच ठेवले होते, कारण 'अजून चांगले आहेत' असे मला सांगण्यात आले. बातलच्या ढाब्यापाशी थांबलो तेव्हा शेवटचे पंधरा किलोमीटर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळत होती. मी खाली वाकून मागच्या डाव्या शॉकअपजवळ हाताची मागची बाजू नेली, तर चार बोटांवरूनच धग लागत होती. नळीवरून तेल ओघळले होते आणि त्यावर रस्त्याची करडी धूळ बसून त्याचा चिखल झाला होता. पाटा ऊर्जा साठवतो आणि परत फेकतो, ती शोषून उष्णतेत बदलण्याचे काम शॉकअपचे असते. पाटा जितका कडक, तितका तो जोराने परत फेकतो, आणि जुन्या पाट्यांसाठी बनवलेला शॉकअप त्याला आवरू शकत नाही. त्यातले तेल तापते, पातळ होते, त्यात फेस येतो आणि मग तो नावापुरताच उरतो. ज्या दोन गोष्टी जोडीने निवडायच्या, त्यांतली एक नासाडी कशी ठरेल?

एअरबॅगच्या बाबतीत मात्र मला थोडे नमते घ्यावे लागेल. ये-जा करणाऱ्या थोड्या वजनासाठी, कमी दाबाला ठेवलेली एअरबॅग गाडी सपाट ठेवायला उपयोगी पडते. पण 'चासीला काही होत नाही' हे साफ खोटे आहे. पाटा आपले वजन चासीला पुढे आणि मागे अशा दोन टोकांना देतो, तर एअरबॅग ते आसाच्या बरोबर वर एकाच ठिकाणी देते. मागे लांबवर सामान लटकलेले असेल आणि गाडी खड्ड्यात आपटली, तर चासी त्याच बिंदूवर वाकायला पाहते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या चासी अशा वाकलेल्या आहेत.

टायरमधली हवा कमाल भरल्याने कच्च्या रस्त्यावर पकड जाते आणि प्रत्येक दगड थेट सस्पेन्शनला लागतो, एवढे सांगून पुरे. नाशिकला भरलेली ३५ पीएसआय हवा, तापमान तेवढेच राहिले तर, कुंझुमवर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे चाळीसच्या आसपास दिसते. थंडीने त्यातली काही उतरते, म्हणून गेज जवळ ठेवून तिथेच मोजावे.

मग निवडायचे काय? कायम गाडीवर राहणारे वजन आधी वेगळे काढायचे. भाच्याच्या यादीत कॅनपी, ड्रॉवर, तंबू आणि बॅटरी मिळून ते २३५ किलो होते. पाटे याच वजनासाठी निवडायचे असतात. चांगले संच 'कायम तीनशे किलो', 'कायम पाचशे किलो' अशा पायऱ्यांनी मिळतात आणि त्याच्यासाठी तीनशेची पायरी पुरेशी होती. पाचशेची घेतली असती तर पाणी संपल्यावर आणि माणसे उतरल्यावर गाडीचे मागचे चाक चढावर जमीन सोडू लागले असते. संच पूर्ण घ्यावा, जुन्या थप्पीत भलत्याच वळणाचा एक पाटा घुसवू नये, कारण तो सगळा भार मेन पाट्यावर टाकतो आणि मेन पाटा थप्पी मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी तुटतो. त्या संचाला जुळणारे शॉकअप, पाटे आसाला आवळून धरणारे नवे यू-बोल्ट, आणि पाचशे किलोमीटरनंतर ते यू-बोल्ट पुन्हा आवळणे, एवढे करावे.

भाच्याने सोमवारी गाडी पाटेवाल्याकडे नेली नाही. मंगळवारी सगळे सामान आणि चारही माणसे घेऊन तो गावाबाहेरच्या भुईकाट्यावर गेला, आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी. एकूण वजन आरसीपेक्षा १७० किलोंनी जास्त भरले. बंपर आणि विंच उतरले. ते मुळातच उतरायला हवे होते, कारण असे लोखंडी बंपर, म्हणजे बुलबार, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. दुसरी स्टेपनी घरी राहिली, डिझेलचा एक कॅन कमी झाला आणि टाकी अर्धीच भरायची ठरली, कारण पाणी लोसरला आणि काझाला मिळते. त्याच्या गाडीखाली एलएसपीव्हीची सळई आहे, तिचा फोटो त्याने मला पाठवला आहे. तीनशेच्या संचाने मागची बाजू किती उचलली जाईल हे विक्रेत्याने सांगितले की ब्रॅकेट किती सरकवायचा ते ठरवता येईल, आणि तोपर्यंत गाडी घरासमोर उभी आहे.