'केवळ दाबते' या आक्षेपाविषयी

आपल्या प्रतिक्रियेतील मुख्य आक्षेप असा, की स्टेरॉइडचा पंप मुलाचा दमा बरा करत नाही, श्वासनलिकेची सूज केवळ दाबून ठेवतो आणि त्या बदल्यात उंची खुंटवतो. यातला पहिला भाग मला मान्य आहे. मूळ लेखातच तो मी स्पष्ट लिहायला हवा होता. दम्याचा धोका असलेल्या दोन-तीन वर्षांच्या २८५ मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षे फ्लुटिकासोन हे पंपातले स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांचा त्रास औषध चालू असेपर्यंत कमी राहिला, पण ते थांबवल्यानंतरच्या वर्षात ती औषध न घेतलेल्या मुलांसारखीच निघाली.

खटकतो तो 'केवळ' हा शब्द. दमेकरी मुलाच्या श्वासनलिकेच्या अस्तरात बहुधा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमलेल्या असतात, चिकट कफ साचतो आणि साध्या सर्दीने किंवा उदबत्तीच्या धुरानेही भोवतालचे स्नायू आवळतात. स्टेरॉइड पेशीत शिरून सूज पेटवणाऱ्या जनुकांनाच आवर घालते. इंटरल्यूकिन-५ सारखे रासायनिक संदेश घटले की इओसिनोफिल तग धरत नाहीत. याला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि 'गुण नाही' म्हणून घरोघरी पंप कपाटात जातो तो याच काळात. साल्ब्युटामॉल हे झटपट आराम देणाऱ्या पंपातले औषध मात्र काही मिनिटांत स्नायू सैल करते, सूज जिथल्या तिथे ठेवून; म्हणून पालकांचा भरवसा त्याच्यावर. (सर्दीपुरतीच घरघर होणाऱ्या लहानग्यांत ही सूज वेगळी असू शकते आणि तिथे स्टेरॉइडचा उपयोगही मर्यादित, हे आपले म्हणणे बरोबर आहे.)

उंचीबद्दल. अमेरिका व कॅनडातील ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांच्या अभ्यासात ज्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड (हेही पंपातले स्टेरॉइड) चार ते सहा वर्षे दिले गेले, त्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही तूट मुख्यतः सुरुवातीच्या काळात पडली. पुढे वाढत गेली नाही, पण भरूनही निघाली नाही. ती मी नाकारत नाही. मात्र त्याच मुलांना दम्यासाठी इस्पितळात दाखल करण्याचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी घटले आणि तोंडाने स्टेरॉइड घेण्याची वेळही कमी आली. पंपाला घाबरून वर्षातून चार-पाचदा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे सिरप पाजणारे पालक मी पाहिले आहेत. त्या सिरपच्या ५ मिलिग्रॅमच्या एका चमच्यात ५,००० मायक्रोग्रॅम औषध असते. दोन औषधांची ताकद वेगळी असल्याने नुसत्या वजनाची तुलना पुरती खरी नाही, पण सिरप रक्तावाटे सर्व शरीरात फिरते, तर ब्युडेसोनाइडचा गिळला गेलेला बहुतेक अंश यकृतातच निकामी होतो.

आपल्या भाच्याच्या तोंडात पांढरे चट्टे आले, असे आपण लिहिले आहे. ती बुरशी असण्याची शक्यता अधिक, आणि तो पंप थेट तोंडात दाबत असेल तर बरेचसे औषध घशावरच बसते. चट्टे डॉक्टरांना दाखवावेत आणि पंप त्यांच्यासमोरच मारून दाखवायला सांगावे. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) लावून सावकाश श्वास घेणे आणि नंतर खळखळून चूळ भरणे, या दोन्ही गोष्टी त्याला कोणी शिकवल्या होत्या का, हे कृपया कळवावे.