"इंजिन काय, विकत मिळतं!"

आज सकाळी एका ग्रुपवर आपल्या तेजस लढाऊ विमानाचा फोटो आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या ओझरहून उडालेलं तेच, सुधारलेलं मार्क-१ए. खाली तिरंगे, टाळ्या, अभिनंदन. मग एका गृहस्थांची कमेंट: "चाळीस वर्षं लागली राव एका विमानाला! आणि आता उशीर कशामुळे, तर म्हणे इंजिन आलं नाही. अहो, इंजिन काय, विकत मिळतं!" लाइकचा नुसता पाऊस.

विकत मिळतं. जणू पैसे मोजले की दुकानदार फळीवरून डबा काढून देतो.

तर ऐका. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए विमानांचा करार झाला, सुमारे ४८ हजार कोटींचा. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या जीई कंपनीकडे ९९ एफ४०४ इंजिनांची ऑर्डर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली. पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं. त्या ऑर्डरमधलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये! का? तर आपल्याला लागणाऱ्या आयएन-२० प्रकाराची आधीची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन झाली होती आणि त्यानंतर ती उत्पादनाची लाइन पाच वर्षं बंद होती. लाइन बंद म्हणजे नुसतं बटण बंद नव्हे. फोर्जिंगवाला डाय गुंडाळून ठेवतो, कास्टिंगवाला आपली भट्टी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो, हात बसलेली माणसं निवृत्त होतात. पुन्हा सुरू करायचं तर शेकडो पुरवठादारांकडून पहिला नग नव्याने करून घ्यायचा, मोजायचा, कापून तपासायचा, मग पुढचे. तोवर इकडे सांगाडे तयार, आणि राखीव ठेवलेली इंजिनं बसवून चाचणी उड्डाणं चाललेली.

पाच वर्षं ऑर्डर कुणी दिली नव्हती? आपणच. हेही लिहायला हवं, जीभ चावून का होईना.

पण मुळात ही वस्तू एवढी अवघड का, हे त्या गृहस्थांना एकदा टर्बाइनचं एक पातं हातात देऊन सांगावंसं वाटतं. लांबी बोटाएवढी. निकेलचा मिश्रधातू, साधारण १,३०० ते १,३५० अंश सेल्सियसला वितळायला लागणारा. आणि त्याच्यावर येऊन आदळणारा वायू १,५०० अंशांच्या वर! म्हणजे पातं स्वतःच्या वितळबिंदूपेक्षा गरम झोतात मिनिटाला हजारो फेरे मारतंय, आणि फिरण्याच्या जोराने त्याच्या मुळाशी काही टनांचा ओढा बसतोय. ते टिकतं कारण आतून पोकळ आहे. आत नागमोडी वाटा, अंगावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची भोकं, त्यांतून हवा येते आणि पात्यावर पातळ थंड थर धरते. वरून उष्णता अडवणारा झिर्कोनियाचा लेप, मिलिमीटरच्या काही दशांशांइतका.

आता ते ओतायचं कसं? आतल्या वाटांच्या आकाराचा सिरॅमिकचा कोअर. त्याच्याभोवती मेण. मेणावर सिरॅमिकचे थरावर थर. मेण वितळवून काढायचं, साचा भाजायचा, निर्वात भट्टीत गार तांब्याच्या पाटावर उभा करून धातू ओतायचा आणि साचा गरम भागातून खाली खेचायचा, मिनिटाला फक्त काही मिलिमीटर. धातू खालून वर गोठत जातो. तळाशी स्फटिकाचे बरेच दाणे सुरू होतात, पण वाटेत डुकराच्या शेपटीसारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यातून एकच दाणा वर निसटतो आणि अख्खं पातं त्या एकाच दाण्याचं बनतं. एकच का, तर दोन दाण्यांची सीमा हीच सगळ्यात दुबळी जागा. तापलेलं पातं ओढ्याने तिथूनच हळूहळू लांबत जातं, शेवटी कवचाला घासतं किंवा तुटतं. मग तो कोअर कॉस्टिकच्या गरम द्रावात दाबाखाली विरघळवून काढायचा. ओतताना कोअर केसभर सरकला तर एका बाजूची भिंत पातळ झाली, पातं बाद. दुसरा दाणा घुसला, बाद. लेप नीट धरला नाही तर काही तासांत पापुद्रा सुटतो, तिथे उघडा धातू भाजतो आणि भोक पडतं.

कागदावर हे सगळं कोणालाही वाचायला मिळतं. भट्टीचा वेग किती, कुठल्या क्षणी किती तापमान, कोअरच्या मातीत नेमकं काय, हे मात्र कोणी विकत नाही. कितीही पैसे टाका.

आपण ते शिकलो नाही असंही नाही. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण-धातू प्रयोगशाळेने एकस्फटिकी पाती बनवली, २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती विमानं बांधणाऱ्या एचएएलला दिली. ही बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली? तिच्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं ना.

तेजससाठी आखलेल्या आपल्या कावेरी इंजिनावर तर सगळेच तुटून पडतात. १९८९ मध्ये मंजुरी, ३८२ कोटी रुपये आणि मुदत डिसेंबर १९९६. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करणाऱ्या देशाने सात वर्षांत आफ्टरबर्नरवालं लढाऊ इंजिन द्यायचं! ते बनवणाऱ्या जीटीआरई या सरकारी प्रयोगशाळेला ८१ किलोन्यूटन रेटा हवा होता, मिळाला सुमारे ७०. तेजसच्या आजच्या इंजिनाचा रेटा ८५ च्या घरात आहे, म्हणजे ही तूट डोळेझाक करण्यासारखी नव्हतीच. २००८ मध्ये कावेरी आणि तेजस वेगळे केले. चुका झाल्या, वेळेवर बाहेरची मदत घेतली नाही, मान्य. पण उंचीवरच्या पातळ हवेत इंजिन कसं वागतं ते बघायची सोय आपल्याकडे नव्हती, हेही मान्य करा. इंजिन पेटीत घालून रशियाला न्यायचं, तिथली तारीख मिळेपर्यंत थांबायचं. २०१० मध्ये तिथल्या आयएल-७६ चं चारांतलं एक इंजिन उतरवून त्या जागी कावेरी टांगलं आणि उडवून बघितलं. घरच्या अंगणात रोज चाचणी घेणारा आणि परदेशात वारी करणारा, दोघांना एकच मुदत लावायची?

आणि "विकत मिळतं" म्हणणाऱ्यांनी आपलं मारुत लढाऊ विमान आठवावं. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांनी आखलेलं एचएफ-२४, जून १९६१ मध्ये उडालं. मापं आवाजाच्या दुप्पट वेगाची. ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनावर भिस्त होती त्याचं काम ब्रिटिशांनी सोडलं आणि ते पुढे नेण्याचा खर्च आपण उचलला नाही. इजिप्तच्या इंजिनापर्यंत धावाधाव झाली. शेवटी लहान ऑर्फियसवर ते देखणं विमान आयुष्यभर आवाजाच्या वेगापाशी धापा टाकत राहिलं. पुढे १९७८ मध्ये स्वीडनचं विगेन हे लढाऊ विमान आपल्याला हवं होतं. विमान स्वीडिश, पण इंजिनाचं मूळ अमेरिकन. अमेरिकेने परवानगी नाकारली, विषय संपला.

बरं, स्वीडनच्याच ग्रिपेनमध्येही अमेरिकन वंशाचं इंजिन आहे, कोरियाच्या केएफ-२१ लढाऊ विमानातही. त्यांचं चाललंय. चालू दे. त्यांचे वॉशिंग्टनशी संबंध आणि आपले, यात फरक आहे एवढंच म्हणतो.

प्रवासी विमानांत तरी वेगळं आहे का? चीनचं सी९१९ मे २०२३ पासून प्रवासी नेतंय. पण पंखाखाली अमेरिकन-फ्रेंच भागीदारीचं लीप इंजिन. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने त्यांचा निर्यात परवाना काही आठवडे रोखला आणि एवढ्या मोठ्या देशाचं मानाचं विमान टांगणीला लागलं. आपल्याकडे २०२३-२४ मध्ये इंडिगोची सत्तरच्या वर विमानं जमिनीवर होती. त्यांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांच्या चकत्या ज्या धातूच्या पावडरीतून बनतात तिच्यात सूक्ष्म अशुद्धी निघाली. त्या कणापाशी तडा सुरू होऊ शकतो, म्हणून इंजिनं उतरवा, चकत्या तपासा, बदला, आणि दुरुस्तीच्या रांगेत महिनोन् महिने उभे राहा. विकत घेतलेलीच होती की ती!

आणि नुसतं चांगलं इंजिन मिळून भागत नाही, हेही खरं. जपानच्या मित्सुबिशीचं स्पेसजेट हे प्रवासी विमान बघा. इंजिन तयार, २०१५ मध्ये उड्डाणही झालं. मग कळलं की एकाच ठिकाणी पाणी शिरलं किंवा स्फोट झाला तर मुख्य आणि पर्यायी दोन्ही यंत्रणा जातील अशी वायरिंगची मांडणी आहे. सगळं उलगडून पुन्हा. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्प बंद, एकही विमान ग्राहकाला न देता.

सारसबद्दल लिहिताना मात्र राग ओसरतो. बंगळूरच्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचं १४ आसनी छोटं विमान, मे २००४ मध्ये उडालेलं. ६ मार्च २००९ ला दुसऱ्या नमुन्यावर हवेत एक इंजिन बंद करून पुन्हा चालू करायची चाचणी होती. प्रत्येक विमानाला ती द्यावीच लागते. पुन्हा चालू करण्याची लिहून दिलेली पद्धतच चुकीची होती, आणि चूक सावरायला पुरेशी उंची हाताशी नव्हती. हवाई दलाचे तिघे अधिकारी गेले. "चाळीस वर्षं लागली राव" लिहिताना ही तीन माणसं त्या चाळिसात धरली होती का?

असो. चिडायचं तर तारखा जाहीर करणाऱ्यांवर चिडा. आता एएमका या पुढच्या लढाऊ विमानाची पाळी. मार्च २०२४ मध्ये १५ हजार कोटी मंजूर, सुरुवात अमेरिकन एफ४१४ वर, आणि पुढे १२० किलोन्यूटनचं नवं इंजिन फ्रेंचांबरोबर मिळून करायचा बेत. बेत चांगलाच आहे. पण करारात भट्टीचा वेग आणि कोअरची माती आपल्या हातात येणार की फक्त जुळणीचे स्क्रू, हे आत्ता विचारायला हवं. सही झाल्यावर विचारून काय उपयोग? आणि उंचीवरच्या चाचणीची सोय घरात आधी उभी करा. ती नसेल तर पुन्हा पेटी, पुन्हा परदेश, पुन्हा त्यांची तारीख.

हे टाइप करेपर्यंत त्या गृहस्थांचं उत्तर आलंय. हसरा इमोजी आणि "मग स्वतःचं इंजिन करायला किती वर्षं, साहेब?"

लिहिलंय त्यांना: पैसा मध्येच न थांबवता, पंधरा धरा. थांबवत थांबवत दिला तर १९८९ ची फाइल काढून बघा.