पाळी गेल्यावर ओव्हरीत गाठ निघाली तर

पोट सारखं गच्च वाटतं म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये आलं, डाव्या ओव्हरीत ३.२ सेंमीची सिस्ट. वय ५८, पाळी जाऊन सहा-सात वर्षं झालेली. परळहून निघालेली बाई दादरला उतरेपर्यंत रिपोर्टचा फोटो सगळ्या बहिणींकडे पोचतो आणि रात्री जेवणाआधी निकालही लागतो: "आता त्या ओव्हरीचा उपयोग काय? काढून टाक एकदाची."

इतक्या घाईने हा सल्ला देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. साध्या पाण्याच्या गाठी या वयातही होतात आणि त्यातल्या बऱ्याच आपोआप जिरतात.

रिपोर्टमध्ये सेंटिमीटरच्या आधी शब्द बघा. 'सिंपल', 'युनिलॉक्युलर' म्हणजे एकच कप्पा, पातळ भिंत, आत नुसतं पाणी. 'मल्टिलॉक्युलर' (अनेक कप्पे), 'सॉलिड एरिया' (घट्ट भाग), 'असायटिस' (पोटात साठलेलं पाणी) असे शब्द असतील किंवा गाठी दोन्ही बाजूंना असतील, तर पुढची तपासणी लांबवायची नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे सगळं नीट कळत नाही. योनीमार्गातून करायची, म्हणजे टीव्हीएस, हवी. तिला लघवी करून जायचं. कोरडेपणामुळे दुखेल या भीतीने किंवा संकोचाने पुष्कळजणी नाही म्हणतात. आधीच सांगा, जेल जास्त लावतात. बाई डॉक्टर असतील तो दिवसही मागून घेता येतो.

मग सीए-१२५ ची, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची तपासणी. ३५ च्या आत नॉर्मल. पण ती कॅन्सरचीच तपासणी आहे असं समजू नका. पोटाचा टीबी, लिव्हरचा आजार, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, यांतही आकडा चढतो. आणि कॅन्सरच्या सुरुवातीला तो नॉर्मलही असू शकतो. म्हणून डॉक्टर गुणाकार करतात: सोनोग्राफीचे गुण (वर सांगितल्यासारखी संशयास्पद खूण नसेल तर ०, एक असेल तर १, जास्त असतील तर ३), गुणिले पाळी गेल्याचे ३, गुणिले सीए-१२५. एक खूण आणि सीए-१२५ २० असेल, तर ६०. उत्तर २०० किंवा वर गेलं की साध्या गायनॅककडे ऑपरेशन उरकू नये. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, स्त्रियांच्या कॅन्सरच्या सर्जनला दाखवावं.

गाठ साधी, एकाच बाजूला, ५ सेंमीपेक्षा लहान, सीए-१२५ नॉर्मल आणि त्रास काही नाही? मग ब्रिटनच्या आरसीओजी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक सूचना म्हणते, चार ते सहा महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करा. वर्षभर गाठ तेवढीच राहिली किंवा लहान झाली आणि आकडा नॉर्मल राहिला, तर पाठपुरावा थांबवता येतो. "सुईने पाणी काढून टाकू" याला मात्र सहसा हो म्हणू नये. पाणी परत भरतं, त्या पाण्याच्या तपासणीत कॅन्सर सुटू शकतो, आणि गाठ कॅन्सरची असली तर पेशी पोटात सांडतात.

खरा जीव टांगणीला लागतो तो या मधल्या महिन्यांत. "बघू पुढे" एवढ्यावर दवाखान्यातून उठू नका. पुढची तारीख लिहून घ्या आणि घरी आल्याबरोबर कालनिर्णयवर नोंदवा. दर महिन्याला मनाच्या समाधानासाठी सोनोग्राफी करू नका. मशीन बदललं, हात बदलला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यावर आठवडाभर झोप उडते. शक्यतो त्याच सेंटरला जा, जुन्या फिल्म्स न्या. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी, यातलं काही झालं तर त्या तारखेवर फुली मारा. महिन्यात बारापेक्षा जास्त फुल्या झाल्या तर ठरलेल्या तारखेसाठी थांबू नका. आई-बहिणीला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालेला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. अंगावरून रक्ताचा डाग दिसला, तर सिस्ट साधी असली तरी गर्भाशयाच्या अस्तराची वेगळी तपासणी लागते.

आणि एका बाजूला अचानक असह्य कळ आली, सोबत उलट्या झाल्या, तर ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो. सकाळची वाट बघू नका. जवळच्या कॅज्युअल्टीत जा, फाइल सोबत घ्या.