माइक बंद करायचा होता तर भाषणांचा करायचा होता

काल रात्री दहाला पाच मिनिटं कमी असताना आमच्या साहित्य महोत्सवात एका गायिकेचा बागेश्री राग अंतऱ्यावर, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागावर, माइक बंद करून तोडला. रात्रभर डोकं तडतडत होतं, सकाळीही थांबलेलं नाही.

पत्रिकेत छापलं होतं, सायंकाळी साडेसहा, शास्त्रीय गायन. बाई पाचलाच येऊन बसल्या होत्या. साउंड चेकच्या वेळी तानपुरे निषादाला, म्हणजे ‘नी’ला, लावले होते, दोन-चार आलाप घेतले तेव्हाच कळलं की मारवा, सूर्यास्ताचा राग, गाणार. थंडीचे दिवस, उघडा मांडव, सूर्य नुकताच बुडलेला. मारव्याला याहून चांगली वेळ कुठली? आणि त्याच वेळी सूत्रसंचालकानं जाहीर केलं की मान्यवर निघाले आहेत, कोणत्याही क्षणी पोहोचतील, तोवर कृपया बसून घ्या.

उद्घाटन खरं तर सकाळी दहाचं होतं. मान्यवर सकाळी आले नाहीत, म्हणून दिवसभराची सत्रं उद्घाटनाशिवाय पार पडली, कुणाचं काही अडलं नाही. मग संध्याकाळी गाण्याची वेळ कापून ते उरकायची गरज काय होती? मान्यवर सव्वासातला आले. समई वाऱ्यानं पेटेना, पेटली तर फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा काडी ओढायला लावली. मग स्वागतगीत. मग सत्कार. प्रायोजकांचा, प्रायोजकांच्या चिरंजीवांचा, मैदान देणाऱ्यांचा, पार्किंगला जागा देणाऱ्यांचा. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि प्रत्येकाचे दोन शब्द. मग मान्यवर उभे राहिले. रस्त्याचं काम, पाणीयोजना, विरोधक. मराठीला अभिजात दर्जा कसा मिळवून दिला, हे तर ३ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक मंचावर ऐकतोय, तेही झालं. साहित्याच्या मंचावर उभं राहून या माणसानं एकाही पुस्तकाचं नाव घेतलं नाही. नऊला गाड्यांचा ताफा निघाला आणि त्याच्यामागे अर्धा मांडव उठून गेला.

मग सोफे हलवा, सतरंज्या टाका, माइक बदला. मारव्याची वेळ केव्हाच उलटून गेली होती. बाईंनी सगळ्यांसमोर, खुर्च्या ओढल्याच्या आवाजात, निषादाचे तानपुरे बागेश्रीसाठी मध्यमाला, म्हणजे ‘म’ला, उतरवून घेतले. चेहऱ्यावर राग नाही, तक्रार नाही. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात बागेश्री सुरू केला आणि पाचव्या मिनिटाला मांडवात जे उरलो होतो ते सगळे सरळ होऊन बसलो. असं गाणं होतं ते! मध्यमावर थांबून धैवताकडे जायची ती सावकाश वाट, घाईचा लवलेश नाही. जिला अडीच तास ताटकळवलं तिनं आमच्यावर घाई लादली नाही. आणि अंतरा उचलून वरच्या षड्जावर ठरत होत्या तेवढ्यात एक कार्यकर्ता मंचावर चढला आणि हार्मोनियमवाल्यासमोर चिठ्ठी ठेवून गेला. तालाची दोन आवर्तनं झाली आणि माइक बंद. साउंडवाल्या पोराचा यात दोष नाही, त्याला सांगितलं ते त्यानं केलं.

दहाचा नियम मला शिकवू नका. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा, आणि ते हवेतच. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंतची सूट सरकार देऊ शकतं, तीही गणपती-नवरात्रात जाते, जाऊ दे. पण नियम पाळायचाच होता तर तो सात वाजता आठवायला हवा होता. आणि खरी चीड पुढे आहे. बाईंचा माइक पाच कमी दहाला बंद झाला, आणि दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत त्याच मंचावरून, त्याच स्पीकरवरून आभारप्रदर्शन चाललं. पुन्हा सगळी नावं. पुन्हा प्रायोजक. बाई तानपुऱ्याशेजारी हात जोडून बसून होत्या, कारण शेवटी त्यांना शाल घालायची होती. गाण्यासाठी दहाचा कायदा आणि आभारासाठी कायदा नाही?

आता निघालंच आहे तर दुपारचंही सांगते. एका कादंबरीकाराची मुलाखत होती, एक तासाची. माणूस रात्रभर एसटीनं आलेला. आधीचा परिसंवाद लांबला, कारण अध्यक्षांनी समारोपात प्रत्येक वक्त्याचं भाषण पुन्हा करून दाखवलं. मुलाखतीला वीस मिनिटं उरली. त्यातली सात मुलाखतकारानं परिचयात घातली, तोही पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरून वाचून. पहिला प्रश्न, तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळते? कादंबरी धरणात गेलेल्या गावाची आहे हो! पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेला माणूस समोर बसलाय, सातबाऱ्यावरून नाव कसं गेलं ते सांगायला आलाय, आणि हा प्रेरणा विचारतो? पुस्तक वाचलेलं नव्हतं, सरळ आहे. ज्यानं पुस्तक वाचलं नाही त्याला मुलाखतीला बसवू नये, एवढं साधं पथ्य पाळता येत नाही?

मग श्रोत्यांचे प्रश्न. माइक हातात आलेल्या गृहस्थांनी प्रश्न विचारलाच नाही, स्वतःच्या तीन कविता म्हटल्या. कुणी अडवलं नाही. लेखक पुनर्वसनाबद्दल बोलायला लागला तेव्हा मात्र चिठ्ठी आली.

पुढच्या तीन रांगा दिवसभर फीत बांधून राखीव. रिकाम्या. मागे काठ्या टेकत आलेली सत्तरीची माणसं उभी. एका आजींना मी बसवायला गेले तर स्वयंसेवक म्हणाला, “मॅडम, वरून ऑर्डर आहे.” कुठलं वर? आणि तो ड्रोन! बोलणारा माणूस आवाज खाली आणून काहीतरी जिव्हाळ्याचं सांगतो, की नेमका डोक्यावर येऊन घोंघावतो. कवितेत ड्रोन, आलापीत ड्रोन. कुणाला हवंय मांडवाचं छप्पर वरून बघायला? बाहेर फ्लेक्सवर मान्यवर माणसाएवढे आणि लेखकांचे चेहरे खाली पासपोर्ट फोटोएवढे, हे तर आता कुणाला खटकतही नाही. मला खटकतं.

राजकारणी नकोतच, असं मी म्हणत नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनात, आणीबाणी चालू असताना, अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी केंद्रात मंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्याबद्दल जे बोलायचं ते बोलून दाखवलं. तिथे सत्तेला साहित्यिकाचं ऐकावं लागलं. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकार जमले तेव्हापासूनची ही परंपरा आहे म्हणून मंचावरून छाती फुगवता ना? मग त्या परंपरेत लेखक कुठे बसतो ते बघा. आमच्याकडे लेखकानं कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

आणि पैशाचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मांडववाल्याला आगाऊ रक्कम. केटररला आगाऊ. ड्रोनवाल्याला आगाऊ. ते बरोबरच आहे, त्यांचं पोट आहे. लेखकाला मात्र ‘साहित्यसेवा’ म्हणून बोलवायचं. त्या कादंबरीकाराशी चहाच्या टपरीवर बोलले. शाल खांद्यावर होती, नारळ पिशवीत. मानधनाचं विचारलं तर म्हणाला, “ताई, अजून काही बोलले नाहीत ते. प्रवासखर्चाचा फॉर्म भरून घेतलाय.” आपल्या खिशातून तिकीट काढून आलेल्या, रोजगार बुडवून आलेल्या माणसाकडून फॉर्म! बाईंच्या तबलजीलाही ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ एवढंच सांगितलं. पुढचा आठवडा नको. फॉर्म तुमच्याकडे आहे, खाते क्रमांक त्यावर लिहिलेला आहे, आज बँका उघड्या आहेत. आज पाठवा.