‘कॅरव्हान’ची चोरी? जरा थांबा

जॅझची ओळख करून देणाऱ्या पोस्टमध्ये एक किस्सा हमखास फिरतो. ‘कॅरव्हान’ ही जगप्रसिद्ध धून हुआन टिझॉल या ट्रॉम्बोनवादकाची (ट्रॉम्बोन म्हणजे पितळी फुंकवाद्य). तो ज्याच्या बँडमध्ये वाजवायचा त्या ड्यूक एलिंग्टनने ती २५ डॉलर हातावर टेकवून घेतली आणि आपल्या नावावर खपवली. टिझॉलला ना नाव मिळालं ना पैसा. बँडमध्येही त्याला मागच्या रांगेत दाबून ठेवलं, सोलो वाजवू दिले नाहीत. शेवटी वैतागून १९४४ मध्ये तो बँड सोडून गेला. मध्यंतरी ड्रमवादकांवरच्या एका हॉलिवूडपटामुळे ही धून नव्या पिढीच्या कानावर पडली, तेव्हापासून हा किस्सा आणखी जोरात आहे.

किश्शात खरं आहे ते एवढंच, की धून टिझॉलची, रक्कम २५ डॉलर आणि बँड सोडल्याचं साल १९४४. बाकीचं एकेक तपासू.

आधी २५ डॉलर. ते दिले अर्व्हिंग मिल्सने. मिल्स हा एलिंग्टनचा व्यवस्थापक आणि संगीत-प्रकाशक. १९२० च्या दशकापासून १९३९ पर्यंत एलिंग्टनच्या बहुतेक रचना त्याच्याच कंपन्यांतून बाहेर पडल्या आणि कित्येक गाण्यांवर त्याने स्वतःचंही नाव चढवून घेतलं. ‘कॅरव्हान’वरही गीतकार म्हणून तो आहेच. बँडमधल्या वादकाकडून धून एकरकमी विकत घ्यायची, हा त्या काळचा सर्रास धंदा होता. तो लुबाडणुकीचा होता, हे मी नाकारत नाही. पण व्यवहार कोणी केला, हे तरी नीट सांगावं. पुढचा भाग या पोस्टमध्ये कधीच नसतो: धून गाजल्यावर टिझॉल मिल्सकडे गेला आणि मिल्सने त्याला उत्पन्नात वाटा दिला. हे खुद्द टिझॉलनेच उतारवयात सांगून ठेवलं आहे. म्हणजे ‘कधी पैसा मिळाला नाही’ हेही गेलं.

आता नाव. ‘कॅरव्हान’चं श्रेय टिझॉल, एलिंग्टन आणि मिल्स अशा तिघांच्या नावे आहे. एलिंग्टनचा त्यात नेमका वाटा किती, यावर वाद घालायला हरकत नाही. चालीचा मुख्य भाग १६ मात्राखंडांचा (म्हणजे ‘बार’चा), त्यातले १२ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडीवर, तरंगत ठेवलेले आणि मग शेवटच्या चारात मूळ सुरावर, घरी परतणं. त्या कॉर्डचा मूळ सूर षड्ज धरला तर कोमल रिषभ-धैवतामुळे आपल्या कानाला बसंत मुखारी राग चाटून गेल्यासारखं वाटतं. मधला भाग मात्र सरळ नाचाच्या बँडच्या वळणाचा. दोन हात फिरलेत असं वाटण्याइतका तो वेगळा आहे; पण हा झाला माझा अंदाज, पुरावा नव्हे.

पुरावाच हवा असेल तर ‘पर्डिडो’ घ्या. १९४१ ची, तीही टिझॉलची, तीही एलिंग्टनच्या बँडने वाजवून जगभर नेलेली. तोवर मिल्सशी काडीमोड झालेला होता आणि एलिंग्टनची स्वतःची प्रकाशन कंपनी निघाली होती. म्हणजे नाव घुसडायला पूर्ण मोकळीक. तरीही संगीतकार म्हणून तिथे एकच नाव आहे: हुआन टिझॉल. शब्द नंतर लिहिले गेले, त्यांचे मानकरी वेगळे. चोरी करायची सवय असलेला माणूस दुसरं घबाड असं सोडतो का?

‘दाबून ठेवलं’ हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात टिझॉलच्या कामाचीच माती होते. तो १९०० मध्ये पोर्तो रिकोतल्या वेगा बाहा इथे जन्मला आणि काका मान्वेल टिझॉल यांच्या तालमीत, लिहिलेलं संगीत वाचून वाजवण्याच्या शिस्तीत वाढला. १९२० मध्ये अमेरिकेत आला आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड थिएटरमधल्या वाद्यवृंदात लागला. १९२९ मध्ये एलिंग्टनकडे. त्याचं वाद्य व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवायची नाही, ट्रम्पेटसारख्या कळा दाबायच्या. त्यामुळे जलद, वळणदार ओळी त्याला स्वच्छ काढता येत आणि एलिंग्टन त्याला खुशाल सॅक्सोफोनवाल्यांच्या जोडीला बसवी. शेजारी ट्रिकी सॅम नॅन्टन, जो रबरी झाकणाने ट्रॉम्बोनला माणसासारखं बोलायला लावायचा. आणि १९३२ पासून लॉरेन्स ब्राउन, गाता गळा असावा तसा. तिघांचे तीन आवाज, आणि एलिंग्टन लिहायचा तो या माणसांसाठी.

टिझॉल उत्स्फूर्त विस्तार करणाऱ्यांतला नव्हताच. लिहिलेली चाल गोलाईने, आवाजात घरघर न आणता मांडायची, हे त्याचं बलस्थान. १९४० ची ‘कोंगा ब्राव्हा’ ऐका: सुरुवातीची लांबलचक धून तो एकही सूर न हलवता मांडतो आणि मग बेन वेबस्टरचा टेनर सॅक्सोफोन तीवर तुटून पडतो. ‘कॅरव्हान’चंही तेच. डिसेंबर १९३६ मध्ये ती पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली ती बँडमधल्याच क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्डच्या नावाने निघालेल्या छोट्या संचात, एलिंग्टनच्याच वादकांनी. १४ मे १९३७ ला पूर्ण बँडने केली. मुख्य चाल टिझॉलच्या ट्रॉम्बोनवर. याला मागच्या रांगेत दाबणं म्हणायचं तर मग बोलणंच खुंटलं. शिवाय एलिंग्टनच्या कच्च्या मसुद्यांवरून प्रत्येक वादकाची नोटेशन उतरवून काढायचं किचकट कामही त्याच्याकडे होतं.

अपमान त्याच्या वाट्याला आला तो भलतीकडूनच. १९३० च्या एका हॉलिवूडपटात बँड दिसणार होता, तेव्हा पडद्यावर काळ्या वादकांत गोरे बसल्यासारखं दिसू नये म्हणून त्याच्या आणि बिगार्डच्या उजळ चेहऱ्याला काळा रंग फासला गेला. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

वैतागून गेला? १९४४ मध्ये तो ट्रम्पेटवादक हॅरी जेम्सच्या बँडमध्ये गेला हे खरं. जेम्सचा मुक्काम कॅलिफोर्नियात, टिझॉलची बायको रोझबड लॉस एंजेलिसला. कायम फिरतीवर असलेल्या माणसाने हे गणित मांडायला रुसायची गरज नसते. आणि १९५१ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस, ड्रमवादक सनी ग्रीअर आणि ब्राउन एकदम बाहेर पडून एलिंग्टनचा बँड खिळखिळा झाला, तेव्हा धावून आला कोण? टिझॉल, आणि येताना जेम्सकडचे विली स्मिथ आणि लुई बेल्सन हेही सोबत. दोन वर्षांनी तो जेम्सकडे परतला, १९६० च्या सुमारास पुन्हा थोडा काळ एलिंग्टनकडे वाजवून गेला.

एलिंग्टनवर हरकत घ्यायचीच असेल, तर ती शेजारच्या खुर्चीवरून घ्या. ‘सॉफिस्टिकेटेड लेडी’तली मूळ धून आपली, आणि तिचे फक्त १५ डॉलर मिळाले, हे लॉरेन्स ब्राउनने आयुष्यभर धरून ठेवलं होतं.  त्या गाण्याच्या श्रेयात एलिंग्टन आहे, मिल्स आहे, गीतकार मिचेल पॅरिश आहे. ब्राउन नाही.