मास्क लावला म्हणजे पेशंट संपला?

सोलापुरात सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. दम लागलेल्या पेशंटला बायपॅपचा (श्वासाला जोर देणाऱ्या मशीनचा) मास्क लावला की तो गेलाच समजा. ते व्हेंटिलेटरच असतं, एकदा लागलं की सुटत नाही, सगळा बिलाचा खेळ. त्यापेक्षा घरी सिलेंडर आणून फुल ऑक्सिजन सोडा.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. आपल्याकडं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागणारा फुप्फुसाचा आजार, काही फक्त बिडी ओढणाऱ्यांना होत नाही. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बायकांनाही होतो. या आजारात दम वाढला की काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. अशांना भसाभस ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो, माणूस गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं, चला, झोप लागली! म्हणून अशांचा ऑक्सिजन बोटावरच्या मशीनवर ८८ ते ९२ टक्के एवढाच ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटवर अभ्यास झाला, २०१० साली छापून आला: भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के.

साठलेला वायू बाहेर काढायला बायपॅप लागतो. श्वास पेशंटच घेतो. आत घेताना मशीन जोर देतं, सोडताना दाब कमी करतं. थकलेल्या स्नायूंना तेवढाच आराम. घशात नळी नसते, पेशंट बोलू शकतो, जरा सावरला की मास्क काढून घोटभर चहाही घेतो.

'गेलाच समजा'? ब्रिटनमधल्या १४ हॉस्पिटलांत, तेही साध्या वॉर्डांत, सीओपीडीच्या २३६ पेशंटवर झालेला अभ्यास २००० साली आला. नेहमीच्या उपचारांवर २० टक्के मृत्यू, मास्क लावलेल्यांत १० टक्के. कोविडात मास्कवरची माणसं गेलेली आपण पाहिली, ती भीती खोटी नाही. पण तो आजार वेगळा होता.

सवयीचं म्हणाल तर बहुतेकांचा काही दिवसांत सुटतो. काहींना घरी रात्री लागतो, तो फुप्फुसाच्या आजारामुळं.

बिलाबद्दल जरूर विचारा. त्यासोबत एबीजी रिपोर्टही (रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी तपासणी) मागा, मास्कच्या आधीचा आणि तास-दोन तासांनंतरचा. कारण मास्क सगळ्यांना चालत नाही. सारख्या उलट्या होत असतील, शुद्ध पार हरपली असेल, न्यूमोनिया जोरात असेल, तर तो अपुरा किंवा धोक्याचा ठरतो. दुसऱ्या रिपोर्टातही सुधारणा नसेल आणि डॉक्टर नळी घालायची म्हणाले, तर "अजून थोडं थांबू" म्हणू नका.